मदत हवी आहे: पावसाळ्यात घरी रोल धुताना फिल्म रिळाला चिकटते, आणि हा रोल पुन्हा काढता येणार नाही

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे काढून झालेला पण अजून न धुतलेला, म्हणजे डेव्हलप न केलेला, एक रोल आहे. इलफर्ड एचपी५ प्लस, ब्लॅक अँड व्हाइट, ३६ फ्रेमचा. झिपच्या पिशवीत घालून फ्रिजच्या दारात ठेवलाय. त्यात ठाण्याच्या नौपाड्यातलं आजीचं घर आहे. जूनच्या सुरुवातीला सगळ्यांनी घरं रिकामी केली, बिल्डिंग पुनर्विकासाला गेली, आता भोवती पत्रे लागलेत. त्यामुळे हा रोल घरी धुवावा की लॅबला द्यावा, आणि घरी धुवायचा तर काय काय सांभाळावं, हे जाणत्यांना विचारायचंय.

मी नेरूळला राहते. कॅमेरा मामाचा, पेंटॅक्स के१०००. आजीच्या माळ्यावर सापडला तेव्हा मागच्या झाकणाच्या कडेचा फोम डांबरासारखा चिकट झाला होता. फोर्टात बोराबाजारातल्या एका दुरुस्तीवाल्यांकडून तो बदलून घेतला. शटर पूर्ण यांत्रिक असल्यामुळे बाकी काहीच करावं लागलं नाही, मीटरसाठी बटणसेल टाकला आणि चालू झाला.

आतापर्यंत तीन रोल घरी धुतलेत. तिन्ही एचपी५, डेव्हलपर (फिल्मवर चित्र उठवणारं रसायन) आयडी-११ एकास एक, म्हणजे जेवढा डेव्हलपर तेवढंच पाणी, पॅटरसनची टाकी आणि प्लास्टिकचं रीळ.

पहिला जानेवारीत. पाणी मुळातच गार होतं, दोन बर्फाचे खडे टाकले की २० अंश. १३ मिनिटं केला. बेलापूरच्या आर्टिस्ट्स व्हिलेजमधले फोटो होते, उतरती छपरं, मधली अंगणं. फिल्म टाकीतून बाहेर काढून बाथरूमच्या दिव्यासमोर धरली आणि कौलांची ओळ न् ओळ दिसली. त्या दिवसापासून मी यात पडले ती पडलेच.

दुसरा मेमध्ये. डेव्हलपर मोजून २० अंशांवर ओतला, पण खोलीत ३४. शेवटी ओतून टाकताना सहज थर्मामीटर घातला तर २५! निगेटिव्ह इतकी काळी आली की आकाश आरपार दिसतच नाही. शिवाय कडेच्या प्रत्येक भोकाखाली आणखी गडद पट्टे.

तिसरा गेल्या रविवारी, भर पावसात. चेंजिंग बॅगमध्ये (अंधारात फिल्म रिळावर चढवायची बंद पिशवी) हात घातले आणि पाच मिनिटांत आत नुसती वाफ. चौथ्या-पाचव्या वेढ्याला फिल्म अडकली. मागे घेतली, पुन्हा ढकलली, थोडी मुडपल्यासारखी वाटली. धुतल्यावर चार फ्रेमवर पांढुरके-जांभळट, अपारदर्शक डाग, साधारण नखाएवढे. तो रोल ऐरोलीच्या खाडीतल्या रोहित पक्ष्यांचा होता, मेअखेरीस काढलेला. ते पुढच्या हिवाळ्यात परत येतील, म्हणून फार वाईट वाटलं नाही. आजीच्या घराच्या बाबतीत तसं म्हणता येत नाही.

लॅबचं म्हणाल तर एकदा दिला होता एका ठिकाणी. स्कॅन मोबाइलवर बघण्यापुरते आले आणि निगेटिव्ह मागितल्यावर "त्या ठेवत नाही आम्ही" असं उत्तर मिळालं. माझ्यासाठी निगेटिव्ह हाच खरा फोटो आहे. त्यामुळे तिथे परत जायचं नाही. पण दुसरीकडे कुठे चांगला अनुभव असेल तर जरूर सांगा.

म्हणजे अडचणी दोन: फिल्म रिळावर चढवणं आणि तापमान. स्कॅनिंगचंही विचारायचंय, पण ते नंतर. आधी रोल वाचू दे.

*

प्रतिसाद: तलावपाळी

ताई, गोखले रोडवर एका स्टुडिओत मी अठरा वर्षं डार्करूम सांभाळली आहे, त्या अनुभवावर लिहितो. घाई करू नका. काढलेला रोल फ्रिजमध्ये दोन-तीन महिने सहज राहतो.

आधी एक बघून सांगा. तिन्ही निगेटिव्हच्या कडेला फिल्मचं नाव आणि आकडे असतात, ते कसे दिसतात? ती अक्षरं कारखान्यातच फिल्मवर उठवलेली असतात, तुमच्या कॅमेऱ्याचा त्यांच्याशी संबंध नाही. त्यामुळे रोल कसा धुतला गेला एवढंच ती सांगतात. अक्षरं ठळक आणि फोटो पातळ असेल तर उजेड कमी दिला गेला. अक्षरंही पुसट असतील तर धुण्यात कमी पडलं.

*

काका, आत्ताच खिडकीशी धरून बघितल्या. जानेवारीच्या रोलवर अक्षरं काळी आणि रेखीव. मेच्या रोलवर इतकी दाट की कडा पसरल्यासारख्या वाटतात. परवाच्या रोलवर जानेवारीसारखीच, डाग सोडले तर.

*

प्रतिसाद: तलावपाळी

मग उत्तर तुमच्याकडेच आहे. मेचा रोल जास्त शिजला. सुरुवातीला २० आणि शेवटी २५, म्हणजे वेळ २० अंशांची आणि काम त्याहून गरम डेव्हलपरचं. परवाच्या रोलमध्ये रसायनाचा काही दोष नाही. फिल्म फिल्मला चिकटली, तिथे डेव्हलपरही पोचला नाही आणि हायपोही (म्हणजे फिक्सर, चित्र पक्कं करणारं रसायन). म्हणून ते डाग अपारदर्शक राहिले. तो तुकडा पुन्हा फिक्सरमध्ये टाका, जांभळट रंग निघून जाईल. तिथलं चित्र मात्र परत येणार नाही.

आपल्याकडे २० अंशांचा हट्ट धरू नये. डेव्हलपर, स्टॉप (डेव्हलपरचं काम थांबवणारं द्रावण), फिक्सर आणि धुण्याचं पाणी, सगळं २४ वर आणा आणि २४ वरच ठेवा. आयडी-११ एकास एकला २० अंशांवर १३ मिनिटं लागतात, २४ वर साधारण ९. नऊ मिनिटं पुरेशी लांब आहेत. वेळ पाच मिनिटांच्या खाली गेली की फिल्म एकसारखी धुतली जात नाही. म्हणूनच अख्ख्या ताकदीच्या डेव्हलपरपेक्षा उन्हाळ्यात एकास एक बरा.

टाकी हातात धरून बसू नका, हाताची ऊब लागते. २४ अंशांच्या पाण्याच्या टबात ठेवा आणि हलवायची तेवढीच वर काढा. सुरुवातीला दहा सेकंदांत चार वेळा उलटसुलट, मग दर मिनिटाला तसंच चार वेळा, आणि प्रत्येक खेपेला टाकी ओट्यावर हलकेच आपटा, म्हणजे बुडबुडे सुटतात. भोकांखालचे पट्टे बहुतेक सतत घुसळल्यामुळे आले आहेत. द्रव भोकांतून जोरात आत-बाहेर झाला की तिथेच जास्त काम होतं.

आमच्या वेळी मे महिन्यात डेव्हलपरची बाटली माठाच्या पाण्यात ठेवायचो. जुलैत मात्र माठावर विसंबू नका. हवेतच इतकी ओल असते की माठ पाझरतो, पण बाष्पीभवन होत नाही आणि पाणी गार पडत नाही. बर्फच हवा, तोही पिशवीत बांधून टबात. फारच उकाडा असेल तेव्हा डेव्हलपरमध्ये सोडियम सल्फेट घालायची रीत होती, त्याने जिलेटिन फुगत नाही. तुम्हाला २४ वर त्याची गरज नाही.

आणि खास रोल धुण्याआधी फिक्सर तपासा. फिल्मच्या जिभेचा (सुरुवातीच्या, फोटो नसलेल्या टोकाचा) तुकडा कापून उजेडातच त्यात टाका. किती वेळात काचेसारखा स्वच्छ होतो ते मोजा आणि त्याच्या दुप्पट वेळ रोल फिक्सरमध्ये ठेवा. रोल लॅबला देऊ नका असं मी म्हणणार नाही. पण देण्याआधी निगेटिव्ह परत मिळणार का, एवढं तोंडावर विचारा.

*

प्रतिसाद: पामबीच

तलावपाळी काकांनी रसायनाचं सांगितलंच आहे, मी रिळाचं सांगते. मी वाशीत राहते आणि तीन पावसाळे यात काढलेत.

प्लास्टिकच्या रिळात तोंडाशी जे दोन छोटे गोळे असतात, तिथे थेंबभर ओल असली तरी फिल्म अडते. आदल्या रात्री रीळ ड्रायरने कोरडं करून डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा. फिल्म भरायची ती रात्री, एसी तासभर चालवलेल्या खोलीत. हात धुवून पूर्ण कोरडे. जीभ कापल्यावर दोन्ही कोपरे कात्रीने किंचित गोल करा, तेच टोकदार कोपरे खोबणीत रुततात.

अडलीच तर ढकलू नका. रीळ, फिल्म, सगळं तसंच टाकीत ठेवा, झाकण लावा, हात बाहेर काढा, पंख्याखाली दहा मिनिटं बसा. झाकण बंद आहे तोवर फिल्मला काही होत नाही. मी एकदा असं तीनदा केलंय, रोल चांगला आला.

रोल फ्रिजमधून काढला की पिशवी लगेच उघडू नका. दोन-तीन तास तशीच बाहेर राहू द्या, नाहीतर गार फिल्मवर दव धरेल आणि तीच ओल रिळात जाईल.

सर्वांत महत्त्वाचं, आधी एक वाया जाऊ शकेल असा रोल याच पद्धतीने धुवा. आजीच्या घराचा त्यानंतर.

*

काका, पामबीच ताई, तुम्हा दोघांचे मनापासून आभार. काय झालं ते सविस्तर लिहिते, पुढे कुणाला उपयोग होईल.

सरावाचा रोल ठाण्यात तलावपाळीवर आणि कोपिनेश्वर मंदिराच्या आवारात एका दुपारी काढला आणि त्याच रात्री धुतला. फिल्म एकदाही अडली नाही. कोपरे गोल केल्याचा फरक बोटांना कळतो, खोबणीत शिरताना ती खर्र असा आवाज करत नाही. फिक्सरच्या तुकड्याला ५० सेकंद लागली, मी रोल तीन मिनिटं ठेवला. अक्षरं जानेवारीसारखी रेखीव आली, भोकांखाली पट्टे नाहीत.

मग शनिवारी रात्री आजीचा रोल. दुपारीच फ्रिजमधून काढून ठेवला होता. टाकी टबात २४ अंशांवर, ९ मिनिटं. धुण्यासाठी पाणी दर वेळी बदलून पाच, दहा आणि वीस वेळा उलटसुलट केलं. त्यात पाणीही वाचतं, आमच्या सोसायटीत दुपारनंतर पाणी बंद असतं. शेवटचं पाणी डिस्टिल्ड, त्यात वेटिंग एजंटचे थेंब, त्यामुळे वाळताना क्षारांचे डाग पडले नाहीत. बाथरूममध्ये आधी गरम पाणी सोडून धूळ बसवली, दार लावलं आणि रात्रभर उघडलं नाही.

३६ पैकी ३५ फ्रेम चांगल्या आहेत. एक माझ्याच हाताने हलली आहे, धुण्याचा त्यात काही संबंध नाही. जिन्याचा लाकडी कठडा आलाय, त्यावरचा हात लागून लागून गुळगुळीत झालेला भाग निगेटिव्हमध्ये काळाभोर दिसतो. स्वयंपाकघरातल्या फडताळाच्या आत आजीने खडूने लिहिलेले दूधवाल्याचे हिशेब आलेत. ते इतके वाचता येतील असं वाटलं नव्हतं, खिडकीचा उजेड तिरका पडला होता म्हणून जमलं.

आता स्कॅनिंगचं. डिजिटल कॅमेरा, मॅक्रो लेन्स आणि लाइट पॅनलवर फोटो काढतेय. पट्ट्या सहा-सहाच्या कापल्यात पण मधोमध फुगतात आणि कडा फोकसबाहेर जातात. स्कॅनरमधली इन्फ्रारेडने धूळ काढायची सोय ब्लॅक अँड व्हाइटला चालत नाही, चांदीचे कण इन्फ्रारेडही अडवतात, हे वाचलंय. म्हणून स्कॅनर घेण्याची घाई केली नाही. पट्ट्या सपाट कशा कराव्यात?

*

प्रतिसाद: पामबीच

वा! स्लीव्हमध्ये घालून जाड पुस्तकांखाली आठवडाभर ठेवा, मंद (न चकाकणारी) बाजू आतल्या बाजूला वळते म्हणून उलटी ठेवा. फोटो काढताना मंद बाजू लेन्सकडे, अॅपर्चर ८, आणि फ्रेमच्या भोवतीचा पॅनल काळ्या कागदाने झाका. चित्र उलटं येईल, ते संगणकावर आरशासारखं फिरवून घ्या, नाहीतर हिशेबाचे आकडे उलटे वाचावे लागतील.

*

प्रतिसाद: तलावपाळी

स्लीव्ह हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा ताई. निळं जेल गुलाबी झालं की तव्यावर मंद आचेवर परतून घ्या, तो तवा स्वयंपाकाला नको. बुरशी जिलेटिन खाते आणि एकदा लागली की निघत नाही. आणि त्या फडताळाच्या फ्रेमची प्रिंट काढाल तेव्हा इथे नक्की दाखवा.