दारू सोडलेल्या माणसासाठी पार्टी ठेवताना काय सांभाळावं?

प्रश्न
धाकट्या भावाने दारू सोडली आहे, उपचार चालू आहेत. त्याच्या वाढदिवसाला वीसेक माणसं बोलवायची आहेत, साधारण तीन तासांसाठी. प्यायला काय आणि किती ठेवावं? नॉन-अल्कोहोलिक बिअर चालेल का? आणि कोणी बाटली घेऊन आलंच तर?

प्रतिसाद १
सरप्राइज पार्टी मात्र ठेवू नका. पाहुण्यांची यादी आधी त्याच्या हातात द्या. ज्यांच्याबरोबर बैठका व्हायच्या त्यांना बोलवायचं की नाही, हे त्यालाच ठरवू द्या. निमंत्रणात एवढंच लिहा : 'पार्टीत दारू नाही, कृपया आणूही नका.' कारण देत बसू नका. उपचारांचं कोणाला सांगायचं हा त्याचा प्रश्न आहे.

नॉन-अल्कोहोलिक बिअर नकोच. बऱ्याच देशांत ०.५ टक्क्यापर्यंत अल्कोहोल असलं तरी हे लेबल लावता येतं. अगदी ०.० लिहिलेली बाटली आणली तरी वास, चव, फेस सगळं तेच, आणि तलफ जागी व्हायला तेवढं पुरतं.

बाटली आलीच तर दारातच घ्या आणि आणणाऱ्याच्या गाडीत परत ठेवायला लावा. 'आतल्या खोलीत ठेवू' म्हटलं की ती घरात आलीच. हे काम भावाकडे अजिबात देऊ नका, दाराशी दुसरं कोणी तरी नेमा. पिऊन आलेल्यालाही तिथूनच परत पाठवा.

तलफ बहुतेक वेळा अर्ध्या तासाच्या आत ओसरते. तेवढा वेळ बसायला एक शांत खोली आणि सोबतीला त्याच्या विश्वासातलं एक माणूस हवं. मधूनच निघावंसं वाटलं तर स्वतःच्या वाहनाने जाता यायला हवं. पोटात भूक असली की तलफ जोर धरते, म्हणून खाणं पहिल्या पंधरा मिनिटांत बाहेर काढा.

प्रतिसाद २
पेयांचा हिशेब : पहिल्या तासाला माणशी २ ग्लास, पुढे तासाला १. म्हणजे २० जणांना ८० ग्लास, २०० मिलीच्या मापाने १६ लिटर. यातलं निम्मं साधं पाणी आणि सोडा धरा. बर्फ माणशी अर्धा किलो, म्हणजे १० किलो.

नुसती गोड पेयं ठेवली तर दुसऱ्या ग्लासनंतर कोणी हात लावत नाही. आंबटपणा, तिखटपणा, थोडा तुरटपणा हवा. आल्याचा पाक करा : किसलेलं आलं २५० ग्रॅम, साखर ५०० ग्रॅम, पाणी ५०० मिली, मंद आचेवर १५ मिनिटं, मग गाळून घ्या. एका ग्लासात पाक ३० मिली, लिंबाचा रस १५ मिली, चिमूटभर मीठ, बर्फ आणि वरून १५० मिली गार सोडा. एवढ्या पाकात साधारण २५ ग्लास होतात. सोडा शेवटीच ओता आणि ढवळा एकदाच, नाहीतर बुडबुडे निघून जातात. मोठी बाटली उघडी राहिली की तासाभरात सोडा मवाळ पडतो. छोट्या बाटल्या घ्या. लिंबं त्याच दिवशी पिळा, रस शिळा झाला की कडवट लागतो.

तुरटपणासाठी कोरा चहा चांगला. पत्ती ५ मिनिटांत गाळा. गरम चहा थेट फ्रिजमध्ये गेला तर गढूळ होतो, आधी बाहेर निवू द्या.

ग्लास सगळ्यांचे सारखेच ठेवा. त्याच्यासाठी वेगळा ग्लास काढला की सगळ्यांच्या नजरा तिकडेच जातात.

प्रश्नकर्ता
केकवर रम शिंपडतात, ती भाजताना उडून जाते ना?

प्रतिसाद ३
नाही. अर्धा तास शिजवल्यावरही सुमारे ३५ टक्के अल्कोहोल उरतं, अडीच तासांनी ५ टक्के. केक भाजून झाल्यावर शिंपडलेली तर जवळजवळ सगळीच राहते.

भाऊ डायसल्फिराम (दारू सोडवण्यासाठी देतात ती गोळी) घेत असेल तर फार जपा. थोड्याशा अल्कोहोलनेही चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब घसरतो. गोळी बंद केल्यावरही १४ दिवसांपर्यंत हा धोका असतो. अस्सल व्हॅनिला अर्कात साधारण ३५ टक्के अल्कोहोल असतं आणि मॉकटेलमध्ये थेंबभर घालतात त्या बिटर्समध्ये त्याहून जास्त. कोंबुचा म्हणजे आंबवलेला चहा, तोही वगळा. व्हिनेगर घातलेले सॉस वाढण्याआधी त्याच्या डॉक्टरांना विचारा. केक बाहेरून येणार असेल तर ऑर्डर देतानाच 'रम, वाइन, लिकर काहीही नको' असं लिहून द्या. तोंडी सांगितलेलं आत पोहोचत नाही.