मदत हवी: कोणतं पाप प्राणघातक, कोणतं क्षम्य? यादी पाहिजे (तातडीचं)

ऐरोली_सेक्टर_आठ: रविवारी चर्चमध्ये मिस्सेनंतर (मुख्य उपासनेनंतर) कॅथलिक मुलांचा धर्मशिक्षणाचा वर्ग आहे. एक पानाचा तक्ता द्यायचाय, डावीकडे प्राणघातक (गंभीर) पापं, उजवीकडे क्षम्य (हलकी). दहाएक ओळी झाल्या आणि अडकलो. चोरी, खोटं बोलणं, राग, तिन्ही दोन्हीकडे बसतायत. तयार यादी असेल तर टाका, शनिवारी झेरॉक्स काढायचीय. "फादरना विचारा" सांगू नका, फादर रिट्रीटला (प्रार्थनेच्या एकांतवासाला) गेलेत.

पोखरण_दोन: वर्ग कुठला ते लिहा की. पहिल्या कम्युनियनची (मिस्सेतली पवित्र भाकर पहिल्यांदा घेणारी) मुलं की दृढीकरणाची (श्रद्धा पक्की करण्याच्या संस्काराची)?

तीन_अटी: यादी मिळणार नाही, कारण ती होतच नाही. कॅटेकिझमचा (चर्चच्या शिकवणीच्या अधिकृत पुस्तकाचा) परिच्छेद १८५७ काढा. तीन गोष्टी एकाच वेळी लागतात: बाब गंभीर हवी, ती गंभीर आहे याची पूर्ण जाणीव हवी आणि समजून-उमजून दिलेली संमती हवी. एक निसटली की पाप प्राणघातक राहत नाही. तुमच्या तक्त्यात फक्त पहिली मावते. बाकीच्या दोन माणसाच्या आत असतात, त्या झेरॉक्सवर कशा येतील?

नेरुळ_पूर्व: अटी शिकवल्या की पोरं वकील होतात. "मला पूर्ण जाणीव नव्हती" म्हणून सगळं क्षम्य करून टाकतील. दहा आज्ञा घ्या, प्रत्येकीखाली गंभीर काय ते लिहा, विषय संपला.

तीन_अटी: १८५९ वाचा. सोंग घेतलेलं अज्ञान आणि मनाचा निगरगट्टपणा यांनी दोष कमी होत नाही, उलट वाढतो. वकिली तिथेच संपली. खरी सवलत १८६० मध्ये आहे: खरोखरचं अजाणतेपण, भावनेचा आवेग, बाहेरचं दडपण, मानसिक आजार.

ऐरोली_सेक्टर_आठ: दृढीकरण हो, आणखी कुठला? नववी-दहावीची मुलं आहेत. वाद नंतर घाला, आधी चोरीचं सांगा.

तराजूवाला: किती रुपयांची यापेक्षा कुणाची, ते आधी बघतात. जुन्या नीतिशास्त्राचं ढोबळ माप असं: ज्याचं गेलं त्याच्या एका दिवसाच्या पोटापाण्याएवढं असेल तर बाब गंभीर. नाक्यावरच्या मजुराचे पाचशे उचलले तर त्याचा दिवस बुडाला. तेच पाचशे बंगलेवाल्याचे गेले तर बाब हलकी, पाप आहेच. रक्कम फार मोठी असली की मात्र मालक कितीही श्रीमंत असो, गंभीरच.
मुलांना पटायला मंडईतला तराजू घ्या. किलोमागे वीस ग्रॅम कमी. एका गिऱ्हाइकामागे चिल्लर, पण दिवसाला तीनशे किलो विकले तर सहा किलो मारले. पहिल्यापासून बेत तोच असेल तर वीस-वीस ग्रॅम सुटे धरत नाहीत, बेरीज धरतात. कन्फेशन (फादरपुढे पापांची कबुली) केलं तरी परतफेड टळत नाही. गिऱ्हाईक सापडण्यासारखं नसेल तर तेवढे पैसे गरिबांना द्यायचे.

तलावपाळी_बोंबील: शुक्रवारी बोंबील खाल्ले तर कुठल्या रकान्यात?

नेरुळ_पूर्व: हे कुणी विचारलं? मासे मांसात धरत नाहीत. मांस वर्ज्य, तेही वयाची १४ पूर्ण झाल्यावर. उपवास वेगळा: १८ पूर्ण झाल्यापासून ५९ पूर्ण होईपर्यंत, राखेचा बुधवार (ईस्टरआधीच्या उपवासकाळाचा पहिला दिवस) आणि गुड फ्रायडे. आता मूळ प्रश्नावर या.

घोडबंदरकर: रविवारची मिस्सा बुडवणं डावीकडे लिहा. आणि शनिवार संध्याकाळची धरू नका, ती सवलत म्हाताऱ्यांसाठी.

तीन_अटी: चूक. कॅनन (चर्चच्या कायद्याचं कलम) १२४८ प्रमाणे आदल्या संध्याकाळची मिस्सा सगळ्यांना चालते. रविवारी क्लासची टेस्ट असलेल्या दहावीवाल्याला तोच मार्ग. मुद्दाम बुडवली तर गंभीर, आजारपण किंवा तान्ह्या मुलाची देखभाल असेल तर पापच नाही (कॅटेकिझम २१८१).

घोडबंदरकर: आणि शनिवारी मिस्सेला जाताना कापूरबावडीच्या ट्रॅफिकमध्ये तासभर अडकलं तर?

पोखरण_दोन: वेळेवर निघाला होता ना? मग मिस्सा बुडवायला संमती कुठे दिली? तिसरी अट शिकवायला हेच उदाहरण घ्या, ठाण्याच्या पोरांना लगेच कळेल.

ऐरोली_सेक्टर_आठ: खोटं आणि राग राहिले.

मराठी_मिस्सा: खोटं एरवी क्षम्य, पण न्यायाला किंवा प्रेमाला जबर इजा करत असेल तर प्राणघातक (२४८४). "वही घरी राहिली" एकीकडे, वर्गमित्रावर चोरीचा आळ घेऊन त्याला शाळेतून काढायला लावणं दुसरीकडे. रागाचंही तसंच: समोरच्याला ठार मारावं किंवा जबर जखमी करावं असं ठरवून मनात धरलं की प्राणघातक (२३०२). आणि "प्राणघातक" या शब्दाखाली एक ओळ लिहा, नाहीतर मुलांना खूनच आठवतो. इथे मरते ती आत्म्यातली कृपा. मूळ आधार १ योहान ५:१६-१७.

पोखरण_दोन: वर्गात एखादं मूल प्रत्येक गोष्टीत प्राणघातक पाप शोधत बसतं. यादी त्याच्या हाती पडली की संपलंच. त्याला एकाच फादरकडे जायला आणि ते म्हणतील ते मानायला सांगा.
पानामागे हेही टाका: गंभीर पापाची जाणीव असेल तर कन्फेशनआधी कम्युनियन घ्यायचं नाही (कॅनन ९१६). कन्फेशनमध्ये गंभीर पापं प्रकार आणि संख्येसकट सांगायची (कॅनन ९८८). नेमका आकडा आठवत नसेल तर "महिन्यातून दोनदा" असा अंदाज पुरतो. विसरलेलं माफ होतं, आठवलं की पुढच्या वेळी सांगायचं. मुद्दाम लपवलं तर अख्खं कन्फेशन वाया. क्षम्य पापं सांगायची सक्ती नाही, पण सांगावीत.

ऐरोली_सेक्टर_आठ: ठीक. तक्ता रद्द. वर तराजू आणि कापूरबावडी, खाली तीन प्रश्न, मुलं स्वतः ठरवतील. फक्त "मनाचा निगरगट्टपणा" नववीला कसा समजवू?

तीन_अटी: चूक आहे हे कळत असूनही "ऐकायचंच नाही" असं ठरवून बसणं.

नेरुळ_पूर्व: त्या दहा ओळी फेकू नका, मला पाठवा. माझा वर्गही रविवारीच आहे.