मदत हवी आहे: मामांचं हृदय थांबून परत सुरू झालं, पण शुद्ध नाही. ‘उठतील का’ हे नक्की कधी सांगता येतं?

शुक्रवार, सकाळी

नमस्कार. मी बेळगावात उद्यमबागेत सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या) मशीनवर काम करतो. मामा ५८ वर्षांचे, खानापूर तालुक्यात शेती. मंगळवारी दुपारी भाताची मळणी चालू होती, खळ्यावर उभ्या-उभ्या कोसळले. मामी आणि मामेभाऊ समोरच. नाडी नाही, मधेच एखादी घरघर. शेजारच्या शेतातल्या पोरानं कारखान्याच्या सेफ्टी ट्रेनिंगमध्ये छाती दाबायला शिकलेलं होतं, तो पळत आला आणि दाबत सुटला. १०८ आली, गाडीवाल्यांनी दोन शॉक दिले, नाडी लागली. रात्री बेळगावात ॲन्जिओग्राफी झाली, एक स्टेंट बसला. हृदय आता चांगलं चाललंय म्हणतात. मामा मात्र व्हेंटिलेटरवर, डोळे मिटलेले.

पहिल्या रात्री ड्युटीवरचे डॉक्टर म्हणाले, दहा टक्के. बुधवारी दुसरे म्हणाले, बघूया. मेंदूचे डॉक्टर म्हणाले, ७२ तास थांबा. झालं, तेव्हापासून घरचे सगळे आज संध्याकाळी पाचची वाट बघत बसलेत, जसा काही दहावीचा निकाल लागणार आहे. पाचला उठले नाहीत तर घरी न्यायचं, आपल्या ओट्यावर जाऊ दे, असं थोरल्या काकांनी ठरवूनही टाकलंय. खर्चाचंही आहेच, खोटं का बोला.

आमच्याकडे ड्रॉइंगवर माप लिहिलं की शेजारी टॉलरन्स, म्हणजे माप किती कमी-जास्त चालेल ते, लिहावाच लागतो. इथं दहा टक्के सांगितले, खरं त्याचा टॉलरन्स कुणी सांगेना. मामी दर तासाला विचारते, “डॉक्टर काय सांगूलालेत रे?” काय सांगू तिला? सह्यांचे कागद कन्नड आणि इंग्रजीत, तिला वाचता येत नाहीत. मी अडखळत वाचून दाखवतो.

काल रात्री गुंगीचं औषध बंद केलंय. काल दुपारी हातपाय आणि चेहरा दोन-तीन मिनिटं उडत होता. किडनीचा आकडा, क्रिएटिनिन, २.४ आहे. आणि एक, भाचीनं मोबाईलवर वाचलंय की अशा पेशंटला बर्फात थंड करतात. मामांना केलं नाही. चूक झाली का?

जाणकारांनी सांगा.

प्रतिसाद (पुण्यात आयसीयूत काम करतो, मूळचा निपाणीचा)

पेशंट मी पाहिलेला नाही, तेव्हा निर्णय तिथल्याच डॉक्टरांचा. पण तुमच्या घरात एक गैरसमज बसलाय तो आधी काढा. ७२ तास म्हणजे शेवटची मुदत नव्हे. नाडी परत आल्यापासून ७२ तासांच्या आत ‘नाही उठणार’ असं म्हणू नये, एवढाच त्याचा अर्थ. पाचच्या ठोक्याला काही संपत नाही. उलट खरी तपासणी तिथून सुरू होते, आणि तीही गुंगी पूर्ण उतरली असेल तरच. गुंगीसाठी मिडाझोलाम आणि फेंटानिल चालू असेल, तर किडनी अशी दमलेली असताना ती औषधं अंगातून निघायला वेळ लागतो. काल रात्री बंद केली म्हणजे आज सकाळी उतरली असं धरू नका. डॉक्टरांना विचारायचा पहिला प्रश्न हाच: औषधाचा अंमल गेलाय असं तुम्हाला वाटतं का?

टॉलरन्सचा मुद्दा बरोबर धरलात. पहिल्या रात्रीच्या दहा टक्क्यांचा टॉलरन्स त्या मापाहूनही मोठा असतो. मिरॅकल-२ सारखे स्कोअर आहेत: कोसळताना कुणी पाहिलं का, हृदयाचा पहिला ताल शॉक देण्याजोगा होता का, बाहुल्या प्रकाशाला हलतात का, वय, रक्ताचा पीएच (आम्लता), ॲड्रेनलिन द्यावं लागलं का. हे शंभर पेशंटांच्या गर्दीबद्दल ठीक सांगतात. त्या शंभरांत तुमचे मामा कुठले, ते सांगत नाहीत.

थंड करण्याबद्दल: २००२ मध्ये दोन अभ्यास आले आणि जगभर ३२–३४ अंश सेल्सियसवर ठेवायची पद्धत पडली. २०२१ मध्ये जवळपास १,९०० पेशंटांवरचा मोठा अभ्यास आला. त्यात ३३ अंशांवर ठेवून, नुसता ताप येऊ न देण्यापेक्षा जास्त फायदा दिसला नाही. आता भर ताप येऊ न देण्यावर आहे. म्हणजे बर्फ राहिला म्हणून मनाला लावून घेऊ नका, ताप किती आला तेवढं विचारा.

आणि फाईलमध्ये ‘डाउनटाइम’, म्हणजे हृदय बंद होतं तो वेळ, किती लिहिलाय?

धागाकर्ता

२५ मिनिटं लिहिलंय. कॅज्युअल्टीत विचारलं तेव्हा मामेभाऊ घाबरून बोलला, “वीस-पंचवीस मिनिटं असेल.”

प्रतिसाद (तेच)

हे नीट करा. दोन वेगळी मापं त्यात एक झालीत. छातीवर कुणाचाच हात नव्हता तो वेळ वेगळा, आणि दाबणं चालू होतं पण नाडी नव्हती तो वेळ वेगळा. दाबणं मिनिटाला १०० ते १२० च्या वेगानं, पाच सेंटिमीटर खोल असेल, तर मेंदूला थोडं का होईना रक्त जातं. ज्या मिनिटांत कुणीच दाबत नाही ती सगळ्यात महाग. ही माहिती जगभर एकाच साच्यात लिहावी म्हणून नॉर्वेतल्या उतस्टाइन मठात १९९० साली डॉक्टर मंडळी जमली होती, इतका त्यावर खल झालाय. मोबाईलची कॉल हिस्टरी काढा.

धागाकर्ता, दुपारी

काढली. ४:४१ ला भावानं मला फोन केलाय, ४:४३ ला १०८ ला. घाबरून पहिला फोन मला केला. घरी सांगून ठेवलंय, यावरून त्याला कुणी एक शब्द बोलायचा नाही. दाबणारा पोरगा म्हणतो, भाऊ १०८ वाल्यांना वाट सांगत होता तेव्हाच त्यानं सुरू केलं. म्हणजे मोकळा वेळ तीन-चार मिनिटं. गाडी ५:०१ ला, नाडी ५:०७ ला. मधे दोघांनी आळीपाळीनं दाबलं. हे कागदावर लिहून सिस्टरकडे दिलं. त्यांनी वाचलं आणि फाईलला लावलं, बरं वाटलं.

प्रतिसाद (चिकोडीकडची)

मी दुसरी बाजू सांगते, राग मानू नका. माझे वडील गेल्या वर्षी बाथरूममध्ये पडले, किती वेळ पडून होते कुणालाच माहीत नाही. पहिला ताल म्हणजे सरळ रेघ. आम्हीही रोज ‘हात हलला, हात हलला’ म्हणत होतो. पाचव्या दिवशी डॉक्टरांनी मला आणि भावाला बसवून सांगितलं. मनगटाजवळ विजेचा बारीक झटका देऊन तो मेंदूपर्यंत पोचतो का बघतात, ती तपासणी दोन्ही बाजूंनी कोरी आली होती, एमआरआयमध्येही मेंदूभर इजा होती, आणि दोन्ही एकच बोलत होतं. म्हणून मला आज पश्चात्ताप नाही. पहिल्या दिवशीच्या अंदाजावर घरी नेलं असतं, तर जन्मभर राहिला असता.

प्रतिसाद

कुलदैवताला नारळ ठेवा, सगळं ठीक होईल.

प्रतिसाद (पुण्याचे डॉक्टर)

चिकोडीच्या ताईंनी नेमकं सांगितलं. २०२१ च्या युरोपीय मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे, ७२ तासांनंतरही पेशंट बेशुद्ध असेल आणि टोचल्यावर हात नीट मागे घेत नसेल, तर किमान दोन वाईट खुणा जुळल्या पाहिजेत: बाहुल्यांची आणि कापूस लावल्यावर पापणी मिटण्याची प्रतिक्रिया दोन्ही डोळ्यांत नसणं, ताईंनी लिहिलेली ती विजेच्या झटक्याची तपासणी दोन्ही बाजूंनी कोरी येणं, ईईजीत (मेंदूच्या लहरींच्या आलेखात) अत्यंत वाईट नमुना, रक्तातलं एनएसई (मेंदूच्या पेशींना इजा झाली की वाढणारं प्रथिन) ४८ किंवा ७२ तासांना ६० च्या वर, सीटी-एमआरआयमध्ये पसरलेली इजा, आणि हातपाय-चेहऱ्याचे सतत चाललेले झटके. त्यात सतत म्हणजे अर्धा तास किंवा जास्त. दोन-तीन मिनिटं हातपाय उडाले ते त्यात बसत नाही, पण ईईजी मागा. खुणा जुळल्या नाहीत तर उत्तर ‘अजून माहीत नाही’, आणि ते उत्तर म्हणजे डॉक्टरांची पळवाट नव्हे.

घाई कशाला नको, तर या क्षेत्रात भाकीत स्वतःच स्वतःला खरं करून घेतं. ‘नाही उठणार’ म्हणायचं, नळी काढायची, माणूस जातो, आणि मग म्हणायचं, बघा, बरोबर होतं.

काकांना हेही सांगा की व्हेंटिलेटर काढणं ही नुसत्या नातेवाईकांच्या सहीची गोष्ट नाही. सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ चा निकाल आणि २०२३ मध्ये सोपी केलेली पद्धत यांप्रमाणे दोन वैद्यकीय मंडळांनी बघावं लागतं. कर्नाटकच्या आरोग्य खात्यानंही जानेवारी २०२५ मध्ये तसा आदेश काढलाय. ॲम्बुलन्समध्ये हातानं श्वासाचा फुगा दाबत घरी नेऊन ओट्यावर नळी काढणं, ही त्यातली वाट नाही. खर्चासाठी आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटकचं काउंटर गाठा, रेशन कार्ड घेऊन.

धागाकर्ता, शुक्रवार रात्री

पाच वाजले. काही झालं नाही. काका घड्याळ बघून उठले आणि चहाला गेले. मेंदूच्या डॉक्टरांना मी तुमचा पहिला प्रश्न विचारला. ते म्हणाले, क्रिएटिनिन आज २.६, अंमल आहे असंच धरा, सोमवारी बसू. नख दाबल्यावर उजवा हात मागे घेतला, कालपर्यंत तो ताठ व्हायचा. ईईजीत लाटा मंद आहेत, पण टाळी वाजवली की बदलतात म्हणे. मामीला मी एवढंच सांगितलं: सोमवारपर्यंत कुणालाच माहीत नाही, डॉक्टरांनासुद्धा. ती दोन दिवसांत पहिल्यांदा झोपली.

धागाकर्ता, बुधवार

रविवारी डोळे उघडले, पण नजर कुणावर ठरत नव्हती. आज नळीकडे हात नेला. सिस्टरनी हात बांधून ठेवलाय, नळी उपसतील म्हणून. काका म्हणाले, बांधू नका त्याला.

धागाकर्ता, महिन्यानंतर

धागा अर्धवट सोडला होता, माफी. मामा घरी आहेत. चालतात, जेवतात, मामीला ओळखतात. जुनं सगळं लख्ख आठवतं, नवीन टिकत नाही. रोज सकाळी विचारतात, “मळणी झाली काय रं?” झाली म्हटलं की बरं म्हणतात, आणि जेवताना परत तेच. झोप तुटक, चिडचिड बरीच. पुण्याच्या डॉक्टरांनी आधीच खासगी निरोपात सांगितलं होतं की वाचलेल्यांत स्मरणशक्तीचा त्रास पुष्कळदा राहतो, आणि पहिल्या काही महिन्यांत सुधारणा होऊ शकते. म्हणून आता हा दुसरा प्रश्न: खानापूर-बेळगाव भागात स्मरणशक्तीसाठी व्यायाम घेणारे, शक्यतो घरी येणारे कुणी माहीत आहेत का? मराठी बोलणारे हवेत. मामा बाजारात कन्नड फाडफाड बोलायचे, सध्या मात्र मराठीतच उत्तर देतात. आणि ज्या पोरानं छाती दाबली तो विचारतोय, गावच्या तरुण मंडळाला हे शिकवायला बेळगावातून कोण येईल? रविवार चालेल.