क्रोसाँ सोडायचा नाहीये. मग कसा खाऊ?

पापुद्रा
नमस्कार मंडळी. वय ५१. नुकतीच तपासणी झाली. एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) १५८, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर) ६.०, रक्तदाब ठीक, वजन हवं त्यापेक्षा नऊ किलो जास्त. डॉक्टरांनी कागदावर 'बेकरीचे पदार्थ बंद' असं लिहून खाली दोन रेघा ओढल्या. औषध अजून सुरू नाही, तीन महिन्यांनी पुन्हा तपासायचं ठरलंय.

अडचण अशी की क्रोसाँ, म्हणजे तो लोण्याचा पापुद्रेदार फ्रेंच पाव, माझा जीव की प्राण. मोडताना होणारा तो बारीक आवाज, आतला जाळीदार मऊ गाभा, बोटांना लागलेलं लोणी. गेली दोन वर्षं रोज एक होतोय. चॉकलेट, चीज, आइस्क्रीमही आवडतं, पण त्यांच्यावाचून माझं अडत नाही.

'सोडून द्या' एवढंच सांगू नका, ते कागदावर आहेच. असे आकडे हातात पडल्यावरही ज्यांनी आवडीचं खाणं चालू ठेवलंय, त्यांनी नेमकं काय बदललं? आणि काय करून पाहिलं पण फुकट गेलं?

भोचक_मांजर
रोज एक म्हणजे खरंच एक ना? आणि साधा की बदामाचा? बदामाचा असेल तर ती सरळ मिठाई धरा. आदल्या दिवशीचा उरलेला क्रोसाँ पाकात भिजवायचा, बदाम, लोणी, साखरेचं सारण भरायचं आणि पुन्हा भाजायचा, अशी त्याची मूळ रीत.

पापुद्रा
साधा. शनिवारी बदामाचा. (पकडलंत.)

आकडेमोड
माझं एलडीएल तुमच्यापेक्षा वर होतं, म्हणून हे गणित तोंडपाठ आहे.

६० ग्रॅमच्या लोण्याच्या क्रोसाँत साधारण २४० कॅलरी, १२-१३ ग्रॅम स्निग्धांश, त्यातला संपृक्त (सॅच्युरेटेड) ७ ग्रॅमच्या आसपास. जागतिक आरोग्य संघटना संपृक्त स्निग्धांश एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत ठेवायला सांगते. दिवसाला २००० कॅलरी धरल्या तर २२ ग्रॅम. अमेरिकन हार्ट असोसिएशन आणखी कडक आहे, ६ टक्क्यांच्या आत. म्हणजे १३ ग्रॅम. रोजच्या एका क्रोसाँत निम्म्याहून जास्त कोटा संपला, आणि दिवस अजून उजाडतोय.

पण हाच कोटा आठवड्याचा धरा. १३ गुणिले ७, ९१ ग्रॅम. रोज खाल्ले तर त्यातले ४९ क्रोसाँचे. आठवड्यातून दोनदा खाल्ले तर १४. ही तफावत बघा. अर्धा अर्धा करून रोज खाण्यापेक्षा दोन दिवस ठरवून अख्खा खाणं मला सोपं गेलं, कारण अर्धा खाल्ला की उरलेला अर्धा दिवसभर हाका मारतो.

दोन गोष्टी मात्र ध्यानात घ्या. एक, क्रोसाँ ६० ग्रॅमचाच असेल असं नाही. मी काट्यावर ठेवून पाहिलाय, ९० चाही निघतो. (घरचे हसले. हसू देत.) दुसरं, एलडीएल म्हणजे आज खाल्लं, उद्या वाढलं असं नसतं. यकृताच्या पेशींवर रक्तातलं एलडीएल पकडून आत ओढणाऱ्या जागा असतात. संपृक्त स्निग्धांश सतत जास्त राहिला की त्यांचं काम मंदावतं आणि एलडीएल रक्तात रेंगाळतं. 'सतत' हा शब्द महत्त्वाचा.

फुकट काय गेलं? वेष्टनावर 'कोलेस्टेरॉल नाही' लिहिलेलं शोधत फिरणं. बहुतेकांच्या बाबतीत खाण्यातल्या कोलेस्टेरॉलपेक्षा संपृक्त स्निग्धांशाने एलडीएल जास्त हलतं. ओट्सचा थोडा उपयोग झाला. त्यातलं बीटा-ग्लुकन (विरघळणारा तंतू) दिवसाला ३ ग्रॅम गेलं तर एलडीएल उतरतं, म्हणजे कोरडे ओट्स सुमारे ७५ ग्रॅम. उतरतं म्हणजे थोडंच, चमत्कार नाही.

खमंग_कडा
मी घरी क्रोसाँ करते, म्हणून लोण्याच्या बाजूने बोलणार.

'हलका', 'पौष्टिक', 'गव्हाचा' अशा क्रोसाँच्या नादी लागू नका. पिठात लोण्याची लादी गुंडाळून तीनदा तिपदरी घडी घातली की लोण्याचे २७ थर होतात. भाजताना पिठातलं आणि लोण्यातलं पाणी वाफ होऊन हे थर सुटे करतं, म्हणून पापुद्रे. लोणी काढलंत की उरतो तो वाकडा पाव. तो खाऊन समाधान होत नाही आणि तासाभराने खरा आणायला माणूस बाहेर पडतो. हे मी स्वतः केलंय.

मार्जरीनचा (लोण्याऐवजी वापरतात तो तेलांपासूनचा पदार्थ) बरा, असं कुणी सांगेल. त्यात अर्धवट हायड्रोजनीकृत तेल असेल तर ट्रान्स फॅट आलं, जे एलडीएल वाढवतंच, वर एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) खाली आणतं. डेन्मार्कने २००३ साली त्यावर मर्यादा घातली, पुढे इतर बऱ्याच देशांनी. आताची बरीच मार्जरीनं त्याशिवाय बनतात, पण सुट्या मालावर घटक लिहिलेले नसतात. फ्रान्समध्ये सरळ क्रोसाँ लोण्याचा आणि चंद्रकोरीसारखा वळवलेला मार्जरीनचा, असा संकेत आहे. नियम नव्हे, आणि बाहेर तो चालेलच असं नाही. सरळ विचारा.

आता कामाचं. एकदम चार आणा आणि त्याच दिवशी एकेक वेगळा गुंडाळून फ्रीजरमध्ये टाका. खायच्या दिवशी गोठलेलाच ओव्हनमध्ये, १७० अंशांवर आठ-दहा मिनिटं. मायक्रोवेव्हमध्ये नको, चिंध्या होतात. आणि तो तापेपर्यंत थांबावं लागतं ना, तेवढ्यात निम्म्या वेळा माझं मन बदलतं.

बिनशर्त
सांगू नका म्हणालात, तरी सांगतो. मला 'दोनच दिवस' जमलं नाही. बुधवारचा मंगळवारी, रविवारचा शुक्रवारी, मग हिशेबच बुडाला. पूर्ण बंद केल्यावर तीन-चार आठवडे जड गेले, मग आठवणही येईना. प्रत्येकाची प्रकृती वेगळी. दोन महिन्यांत दोनाचे पाच होताना दिसले तर माझा प्रतिसाद पुन्हा वाचा.

साखरझोप
एचबीए१सी ६.० म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर (५.७ ते ६.४ हा तो पट्टा), त्यामुळे तुमचा प्रश्न फक्त लोण्याचा नाही, मैद्याचाही आहे. मला मधुमेह आहे, चार वर्षं झाली. रिकाम्या पोटी क्रोसाँ आणि गोड कॉफी ही जोडी मी मोडली. आधी अंडं किंवा वाटीभर भाज्या, मग क्रोसाँ, कॉफी बिनसाखरेची. त्यानंतर वीसेक मिनिटं चालते, बसत नाही. चालताना स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात आणि चढ कमी होतो.

एका गोष्टीने मी फसले होते. खाल्ल्यावर एका तासाने मोजलं तर आकडा सुरेख. खूश झाले. स्निग्ध पदार्थाने पोट सावकाश रिकामं होतं, त्यामुळे साखर उशिरा चढते आणि उशिरापर्यंत राहते, हे तिसऱ्या तासाला मोजल्यावर कळलं. कुणी इन्सुलिन किंवा साखर कमी करणाऱ्या गोळ्या घेत असेल तर हे प्रयोग डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका.

उजवी_बरगडी
पित्ताशयात खडे असतील तर वरचं सगळं बाजूला ठेवा. स्निग्ध खाल्लं की पित्ताशय आकसतं, आणि तोंडाशी खडा असला तर जी कळ येते ती शत्रूलाही येऊ नये. माझा शेवटचा चीजकेक मला तारखेसकट आठवतो.

भोचक_मांजर
अवांतर: १६८३ च्या व्हिएन्नाच्या वेढ्यानंतर तिथल्या बेकऱ्यांनी तुर्कांच्या चंद्रकोरीला चिडवायला क्रोसाँ केला, ही गोष्ट कुणी सांगायच्या आत सांगते, ती दंतकथा आहे. व्हिएन्नातला 'किप्फर्ल' हा चंद्रकोरीसारखा पाव त्याआधीपासून होता. तो पॅरिसमध्ये लोकप्रिय केला ऑगस्ट झांग या ऑस्ट्रियन माणसाने, १८३० च्या दशकाच्या अखेरीस बेकरी काढून. आधी तो तोफखान्यात अधिकारी होता म्हणे.

आकडेमोड
आपल्या धमन्यांवर तोफा डागणारा पहिला मनुष्य.

पापुद्रा
सगळ्यांचे आभार. 'सतत' हा शब्द डोक्यात बसला, म्हणून आठवडाभर तोंडात जाईल ते सगळं लिहून काढलं. आकडेमोड, तुमच्यामुळे वजनकाटाही आणला. (८४ ग्रॅम!)

लाज वाटते, पण लिहितो. आठवड्यात क्रोसाँ सहा. आणि बिस्किटं एकतीस. चहाबरोबर, फोनवर बोलताना, कुणीतरी डबा पुढे केला म्हणून. एकाचीही चव आठवत नाही. घटक वाचले तर मैदा, साखर, पाम तेल. आणि पाम तेलात निम्म्याच्या आसपास संपृक्त. मी ज्याच्यासाठी भांडतोय ते सहा, आणि ज्याची मला पर्वाच नाही ते एकतीस.

तर बिस्किटांचा डबा घरातून गेला. क्रोसाँ बुधवारी आणि रविवारी, साधा, अख्खा, बसून, फोन बाजूला ठेवून. शनिवारचा बदामाचा वाढदिवसांपुरता. डॉक्टरांनाही हेच सांगणार आहे, लपवणार नाही. ते काय म्हणतील ते म्हणोत. बिनशर्त, तुमचा प्रतिसाद जपून ठेवलाय.

खमंग_कडा, एक राहिलंच. माझ्याकडे ओव्हन नाही. तव्यावर जमेल का?

खमंग_कडा
जमेल, पण गोठलेला थेट टाकू नका, खाली करपेल आणि आत बर्फ राहील. अर्धा तास आधी बाहेर काढून ठेवा. मग जाड तवा, अगदी मंद आच, वर उंच झाकण, दोन्ही बाजूंनी तीन-तीन मिनिटं. शेवटच्या मिनिटाला झाकण काढा, नाहीतर वाफेने पापुद्रे मऊ पडतात. आणि तव्यावर वरून लोणी घालू नका हो, आत आहे तेवढं पुरे!

पापुद्रा
घालणारच होतो.