मोठ्या ड्रम स्मोकरला कोळसा कुठला घ्यावा?

मिरजकर: मंडळी, कुपवाडला २०० लिटरचे दोन ड्रम जोडून स्मोकर (मंद आचेवर, धुरात मटण शिजवायची भट्टी) बनवून घेतलाय. बोकडाचे अख्खे फरे ११०-१२० डिग्रीवर सात-आठ तास ठेवायचेत. कोळसा कुठला घेऊ, इस्त्रीवाल्यांकडचा चालेल का?

माणदेशी: चालेल की दादा, तो लोणारी कोळसाच असतो, म्हणजे लाकडाचा. दगडी कोळसा मात्र अजिबात नको, त्यात गंधक असतं. बाभळीचा बघा, आमच्याकडं आटपाडी-जतच्या बाजूला वेडी बाभूळ रग्गड, तिचा कोळसा जड असतो आणि निखारा लई वेळ टिकतो. पोतं उघडून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका, ढेकूळ मोडल्यावर आत तपकिरी लाकूड दिसलं तर माल कच्चा, असला कोळसा पांढरा धूर ओकतो आणि मटण कडू करून टाकतो, पक्का कोळसा एकमेकावर आपटला की खणखण वाजतो. तळाचा चुरा चाळून टाका, हवा अडते त्यानं.

तासगावकर: एवढ्या तासांसाठी माझं मत करवंटीच्या ब्रिकेटला, म्हणजे नारळाच्या करवंटीच्या कोळशाचा चुरा दाबून केलेल्या वड्यांना. महाग पडतात, पेटायला पण वेळ घेतात, पण सगळ्या एका मापाच्या त्यामुळं आच एकसारखी राहते आणि सारखं झाकण उघडायला लागत नाही. फक्त दुकानात नुसतं ब्रिकेट म्हणू नका, पांढरा कोळसा देतील, तो भुसा-चिपाड दाबून केलेला, बॉयलरचा माल. आणि सगळा कोळसा एकदम पेटवायचा नाही, न पेटलेल्या ढिगावर थोडे फुललेले निखारे टाकायचे, आग हळूहळू खाली सरकते, आच खालच्या झडपेनं कमी-जास्त करायची.

मिरजकर: भारी माहिती दिलीत दोघांनी! धुरासाठी द्राक्षाच्या छाटणीच्या काड्या टाकू का, आमच्याकडं ढीग पडलाय.

तासगावकर: बाहेरच्या देशात टाकतात, पण आपल्या बागांवर औषधांच्या किती फवारण्या होतात ते तुम्हाला माहितीच आहे, मी तरी पोरांच्या ताटात तो धूर जाऊ देणार नाही. आंब्याचं किंवा पेरूचं वाळलेलं लाकूड घ्या, मुठीएवढे चार-पाच तुकडे पुरतात.

कराडची_ताई: पेटवायला रॉकेल नको, मटणाला वास लागतो. आणि पाऊस आला म्हणून स्मोकर बंद शेडमध्ये ओढू नका प्लीज, कोळशाच्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणसाला कळत पण नाही. चारी बाजूंनी मोकळा मांडव घाला.