मदत हवी आहे : 'ब्राबुस' मर्सिडीज खरी की नुसता बिल्ला?

नमस्कार मंडळी,

मी जर्मनीत डॉर्टमुंडला राहतो. जवळच बॉट्रॉपला ब्राबुस आहे. ब्राकमन आणि बुशमन यांच्या नावांवरून १९७७ मध्ये सुरू झालेली, मर्सिडीजचं इंजिनापासून सीटच्या शिवणीपर्यंत सगळं बदलून देणारी कंपनी. शाळेपासून मला त्यांच्या गाड्यांचं वेड आहे.

एका विक्रेत्याकडे १९९१ ची मर्सिडीज बघितली, डब्ल्यू १२४ मालिकेतली ३०० ई-२४. इंजिन ब्राबुसने वाढवून ३.६ लिटरचं केलंय, असं तो सांगतो. जाळीवर 'बी' आहे, चाकंही त्यांचीच. पण नोंदणीच्या कागदावर पी.१ च्या रकान्यात अजून २९६० सीसी आणि पी.२ मध्ये १६२ किलोवॅट, म्हणजे मूळचेच आकडे. २२ नंबरच्या रकान्यात फक्त चाकांची नोंद. इंजिनात असा बदल केला की इथे ट्युफसारख्या संस्थेकडून तपासून तो कागदावर चढवावा लागतो, नाहीतर गाडी रस्त्यावर आणायची परवानगीच जाते. विक्रेता म्हणतो, "राहून गेलं असेल." मला ते काही पटत नाही. बिल्ला काय, कुणीही लावेल.

चासी नंबर देऊन कंपनीकडून जुनी माहिती मिळते का? कुणाला अनुभव आहे? आणि या गाडीतलं एम १०४ इंजिन ज्यांनी स्वतः उघडलंय त्यांना विचारतो : हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, न काढता क्षमता वाढवलीय हे ओळखता येतं का? शनिवारी परत बघायला जातोय, त्याआधी कळलं तर फार उपकार होतील. कष्टाचे पैसे आहेत हो.