मदत हवी आहे: आयपी (कनेक्शनचा इंटरनेटवरचा पत्ता) माझ्या नावावर, वापरणारा कोण ते कसं काढायचं?

जुळे_सोलापूरकर:
अर्जंट आहे. अभ्यासिका आहे, एकच फायबर कनेक्शन. कोणीतरी फेक अकाउंटवरून घाण कमेंट टाकली आणि चौकशी माझ्याकडे आली. कोणत्या पोरानं केलं ते राउटरमधून निघतं का? इन्कॉग्निटोत केलं असेल तरी? आजच्या आज सांगा.

ओएनटी_बाबा:
राउटर कुठला? कमेंटची तारीख-वेळ काय? फोन आला की लेखी नोटीस? पोरं किती? आणि त्यानंतर लाईट किती वेळा गेली? चेष्टा करत नाहीये. घरगुती राउटर लॉग बहुतेक रॅममध्येच ठेवतो, लाईट गेली की पाटी कोरी.

शेंगाचटणी:
राउटरवर व्हीपीएन (खरा आयपी लपवणारी सेवा) टाका, विषय संपला.

ओएनटी_बाबा:
झालेल्या कमेंटला आज व्हीपीएन कसं लावतोस बे? आणि सर्ट-इनच्या (सरकारी सायबर सुरक्षा संस्था) २०२२ च्या आदेशाप्रमाणे व्हीपीएनवाल्यांनी ग्राहकाची माहिती ५ वर्षं ठेवायची आहे. त्यावरूनच काही कंपन्यांनी भारतातले सर्व्हर काढून घेतले.

जुळे_सोलापूरकर:
फोनच आला होता. राउटर काळा आहे, दोन अँटेना. पोरं ४० धरा. लाईटचं विचारूच नका.

पोर्ट४४३:
"काळा" हे मॉडेल नाही हो, खालच्या स्टिकरवर बघा. असो. माग असा लागतो: वेबसाइट आयपी आणि वेळ देते, नेटवाला त्यावरून ग्राहकाचं नाव देतो. तिथं गाडी थांबते. पुढं राउटरच्या आत कोण बसलंय हे नेटवाल्याला दिसत नाही. इन्कॉग्निटोनं फक्त त्या मोबाइलमधली हिस्ट्री पुसते, आयपी तोच जातो.

तडका:
सीजीनॅट असेल तर सुटलात. एका आयपीवर शेकडो ग्राहक असतात, कोण ओळखणार?

पोर्ट४४३:
अर्धवट सांगू नका. राउटरच्या स्टेटस पानावर वॅन आयपी (राउटरला नेटवाल्याकडून मिळालेला) १००.६४ ते १००.१२७ मध्ये दिसला तर सीजीनॅट, हे खरं. पण नेटवाल्याकडे पोर्टसकट (प्रत्येक जोडणीला मिळणारा क्रमांक) नोंद असते, २०२१ च्या परवाना दुरुस्तीनंतर किमान २ वर्षं. आयपी, सोर्स पोर्ट आणि सेकंदापर्यंत वेळ, तिन्ही जुळलं की एकच घर निघतं. गोची तेव्हा होते जेव्हा वेबसाइटनं पोर्ट ठेवलेलाच नसतो. मग एका नावाऐवजी यादी येते. आणि आयपीव्ही६ (नवी पत्तापद्धत, पत्ता वाटून घ्यावा लागत नाही) असेल तर हा प्रश्नच नाही.

शेंगाचटणी:
म्हणून सांगतोय, मायक्रोटिक कंपनीचा राउटर बसवा, हॉटस्पॉट लॉगिन, प्रत्येकाला ओटीपी.

ओएनटी_बाबा:
मघाशी व्हीपीएन होतं. सल्ला पुढच्यासाठी बरोबर आहे, पण आत्ता काय? दादा, राउटर रिसेट करू नका. डीएचसीपी क्लायंट लिस्टचे (राउटरला जोडलेल्या मोबाइलांची यादी) फोटो काढा, तारखेसकट. आणि वायफायचं नाव अजिबात बदलू नका. अँड्रॉइड १० पासून मोबाइल खरा मॅक पत्ता (वायफायवर यंत्राची ओळख) देत नाही, बनवलेला देतो. पण एकाच नावाच्या वायफायला सहसा तोच देतो. नाव बदललंत की पत्ता बदलतो आणि जुनी नोंद कुणाच्याच मोबाइलशी जुळत नाही. जुळवायचं असेल तर मोबाइलच्या वायफाय सेटिंगमध्ये त्या नेटवर्कच्या तपशिलात पत्ता दिसतो.

तडका:
पोरांचे मोबाइल बघायचा अधिकार यांना कुणी दिला?

पोर्ट४४३:
हे मात्र बरोबर बोललात. मोबाइल हिसकावू नका. लेखी नोटीस मागा, नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ९४, आणि असेल तेवढं द्या. पोरगा बहुधा दुसऱ्या टोकानं सापडेल: अकाउंट उघडताना दिलेला नंबर, रिकव्हरी ईमेल, बाकीचे लॉगिन. त्याच अकाउंटवर एकदा जरी स्वतःच्या सिमच्या नेटवरून गेला असेल, तर सिम कुणाचं ते निघतं. तुमचा राउटर त्यात दुय्यम आहे.

सात_रस्ता:
विषय निघालाच आहे तर, जुळे सोलापुरात कुणाचं फायबर चांगलं चालतं?

ओएनटी_बाबा:
वेगळा धागा काढा हो. दादा, वेळ अजून सांगितली नाही तुम्ही.

जुळे_सोलापूरकर:
तेच तर! पहाटे २:१० म्हणाले. तेव्हा कुलूप असतं, आत चिटपाखरू नसतं. म्हणजे मी सुटलो ना?

पोर्ट४४३:
नुसती वेळ की पुढं काही लिहिलंय?

जुळे_सोलापूरकर:
नंतर मेसेज आला होता, त्यात शेवटी यूटीसी आहे. ते कंपनीचं नाव ना?

पोर्ट४४३:
नाही हो, ती जागतिक प्रमाणवेळ. भारतातली वेळ काढायला त्यात साडेपाच तास मिळवा. सकाळी ७:४०.

जुळे_सोलापूरकर:
अरे देवा. थांबा, सह्यांचं रजिस्टर बघतो. ... ७:४० ला अकरा जण आत आहेत.

ओएनटी_बाबा:
अकरावर थांबू नका. पासवर्ड सगळ्यांना तोंडी सांगता की कुठं लिहिलाय?

जुळे_सोलापूरकर:
जिन्यात लिहिलाय. खडूनं.

ओएनटी_बाबा:
जिन्याखाली काय आहे?

जुळे_सोलापूरकर:
चहाचा गाडा.